नववीतल्या मुलीला ‘उपग्रह बनवा’ कार्यशाळेला पाठवावं का?

डाळिंबवाला_सांगोला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमची थोरली यंदा नववीत गेली. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ती सहावीत होती, शाळेनं सगळ्या पोरांना हॉलमध्ये बसवून दाखवलं होतं. तेव्हापासून डोक्यात तेच. घरातला जुना रेडिओ, पंपाच्या स्टार्टरमधला रिले, काय मिळेल ते उघडून बसते.

आता शाळेच्या ग्रूपवर एक जाहिरात फिरतेय. ‘तीन दिवसांत स्वतःचा उपग्रह बनवा आणि अवकाशात पाठवा’. ठिकाण पुणे, फी साडेआठ हजार, राहणं-जेवण आपलं आपण. वर प्रमाणपत्र आणि ‘जागतिक विक्रमात नाव’. पोरगी मागं लागलीय. मी बारावी कॉमर्स, पुढं बाग. मला यातलं काही कळत नाही. पैसे गेल्याचं एवढं वाटणार नाही, पण तिथं जाऊन हिरमुसून आली तर वाईट वाटेल.

खरंच तीन दिवसांत उपग्रह होतो का? आणि गावात बसून यातलं काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

तारजोड

दादा, त्यांना फोन लावा आणि पहिलं हेच विचारा की पोरांनी बनवलेली वस्तू कशावर बसून जाणार. फुग्यावर, छोट्या रॉकेटवर की खऱ्या उपग्रह प्रक्षेपकावर? उत्तर गुळमुळीत आलं तर निम्मं काम तिथंच झालं.

(मी कऱ्हाडला पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये आहे. सुट्टीत आठवी ते दहावीच्या पोरांची शिबिरं घेते, म्हणून एवढं बोलतेय.)

बहुतेक ठिकाणी उत्तर ‘फुगा’ असतं. हेलियम भरलेला हवामान खात्याच्या जातीचा मोठा फुगा तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो आणि डबा पॅराशूटनं खाली येतो. ७ फेब्रुवारी २०२१ ला रामेश्वरमहून असेच शंभर चिमुकले उपग्रह सोडले होते. देशभरातले हजार विद्यार्थी त्यात होते, आपल्याकडचेही. उपक्रम चांगलाच होता, नाव ठेवायला जागा नाही. पण अवकाश मानतात ते शंभर किलोमीटरच्या पुढं, आणि पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग लागतो. फुगा तो कुठून आणणार? विद्यार्थ्यांनीच बनवलेला ६४ ग्रॅमचा कलामसॅट हा उपग्रह जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वॉलप्सहून रॉकेटवर गेला, तोही वर जाऊन लगेच खाली आला, कक्षेत फिरला नाही.

शाळकरी मुलींचं काम खरोखर कक्षेकडं निघालं ते आझादीसॅटमध्ये. ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी केलेली सर्किटं त्यात होती. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात तो गेला, पण ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी एका बाजूला ३५६ आणि दुसऱ्या बाजूला ७६ अशी लांबट कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर हवा लागतेच, तिथं काही टिकत नाही. मग १० फेब्रुवारी २०२३ ला आझादीसॅट-२ नीट पोचला. इस्रोचं रॉकेट असूनही एक फेरी वाया जाते, तिथं ‘तीन दिवसांत अवकाशात’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

तीन दिवसांत जे खरंच होतं त्याला कॅनसॅट म्हणतात. स्टॅनफर्डच्या बॉब ट्विग्स या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली: कोल्ड्रिंकच्या ३५० मिलीच्या डब्यात उपग्रहाचे सगळे अवयव बसवा. बॅटरी, छोटा संगणक, सेन्सर, रेडिओ, पॅराशूट. डबा उंचावरून सोडायचा, खाली येता येता त्यानं तापमान आणि हवेचा दाब मोजून रेडिओवरून सांगायचं. पोरांनी लॅपटॉपवर आलेख काढायचा. मला विचाराल तर नवख्याला याहून जास्तीची गरजच नसते. कक्षेतल्या उपग्रहाला लागणारी प्रत्येक गोष्ट इथं छोट्या रूपात आहे, आणि काही बिघडलं तर हातात घेऊन बघता येतं.

आता दुसरा प्रश्न विचारा: एका किटमागं किती पोरं? दोन-तीन असतील तर ठीक. मी एका शिबिरात पाहुणी म्हणून गेले होते (नाव लिहीत नाही). तिथं किटं आधीच जोडून आणली होती. पोरांनी वरून चार स्क्रू पिळले, डब्याला झेंड्याचे स्टिकर लावले, फोटो काढले, प्रमाणपत्रं घेतली. सोल्डरिंग गन एकाही पोराच्या हातात गेली नाही, कारण ‘भाजेल’. अहो, भाजू दे की जरा! एकदा चटका बसला की पोरगं गन आयुष्यभर नीट धरतं.

तिसरा प्रश्न असा की किट आणि आकडे घरी नेता येतात का. आकडे म्हणजे सेन्सरनं नोंदवलेली फाईल. ती मिळत नसेल तर पोरानं नक्की काय केलं हे त्याला स्वतःलाच कळत नाही.

आमच्याकडं पहिल्या दिवशी दुपारी जिन्याची चाचणी असते. दाबाचा सेन्सर बीएमपी२८०, शे-दीडशे रुपयांचा, नखाएवढा. तो घेऊन पोरं तळमजल्यापासून गच्चीवर चढतात. एक मजला म्हणजे तीन मीटर, तेवढ्यात दाब साधारण ०.३५ हेक्टोपास्कलनं (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. लॅपटॉपवर आलेख काढला की पायऱ्या दिसतात, अगदी जिन्यासारख्या. मधे जिथं पोरं दम खायला थांबली तिथं सपाट रेघ. एकदा एका बॅचच्या आलेखात मधेच टोक आलं. तासभर वाद झाला, सेन्सर खराब, वायर सैल, प्रोग्रॅम चुकला. शेवटी एका मुलीनं ओळखलं की त्या क्षणी कुणीतरी लॅबचं दार आपटलं होतं. दार आपटलं की खोलीतला दाब हलतो आणि सेन्सरला ते कळतं. त्या मुलीला मी काय शिकवलं? काहीच नाही. पण असं काही घडायला वेळ मोकळा ठेवावा लागतो, तो तीन दिवसांच्या वेळापत्रकात ‘प्रमुख पाहुण्यांचे मनोगत’ घालून उरत नाही.

तिन्ही उत्तरं सरळ आली तर पाठवा, साडेआठ हजार फुकट जाणार नाहीत. विक्रमाबिक्रमासाठी मात्र एक रुपया देऊ नका.

अर्धा_अँपिअर

ताईंना +१. मी पुण्यात थर्ड इयरला, आमच्या कॉलेजची कॅनसॅट टीम आहे.

फुगा म्हणाले तर अजून एक विचारा काका: दाबाचा सेन्सर कुठला? बीएमपी२८० ची मर्यादा ३०० हेक्टोपास्कल आहे, म्हणजे जेमतेम नऊ किलोमीटर. तीस किलोमीटरवर दाब बारा हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तिथं हा सेन्सर जे आकडे देतो त्याला अर्थ नाही. त्यासाठी एमएस५६११ सारखा, दहापर्यंत उतरणारा सेन्सर लागतो. जीपीएसचंही तसंच. नेहमीचं निओ-६एम मॉड्यूल आहे तसं वापरलं तर बारा किलोमीटरच्या वर जागा सांगणं थांबवतं. त्याला उंच उडणाऱ्या यंत्रांसाठीच्या (एअरबोर्न) मोडमध्ये टाकणारी आज्ञा आधी पाठवावी लागते. ज्यांनी खरंच फुगे सोडलेत त्यांना हे तोंडपाठ असतं.

आणि वेळेचं म्हणाल तर पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा ‘स्वयम्’ उपग्रह बघा. जेमतेम एक किलोचा, १० सेंमीचा ठोकळा, आत चुंबक बसवून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे आपोआप तोंड वळवणारा. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटवरून गेला. त्याआधी वर्षानुवर्षं एकामागून एक बॅचेस त्यावर राबल्या, सुरू करणारे केव्हाच पास होऊन नोकरीला लागले होते. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला, तोही २००७ पासून चालू होता.

इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अवकाश संस्थेची कॅनसॅट स्पर्धा आहे, २०२५ ला उत्तर प्रदेशात कुशीनगरला झाली, पण ती कॉलेजवाल्यांसाठी. तुमच्या मुलीला अजून थांबावं लागेल. तोवर इस्रोचं ‘युविका’ बघा! ते खास नववीच्या मुलांसाठीचं शिबिर आहे. २०१९ पासून चालू, मे महिन्यात साधारण दोन आठवडे, राहणं-प्रवास सगळा इस्रोचा खर्च. अर्ज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ऑनलाइन निघतात. आठवीचे गुण धरतात, छोटी ऑनलाइन चाचणी असते, आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलांना त्याचे वेगळे गुण मिळतात. तुमचं गाव त्यात बसत असेल तर सोडू नका. आठवीची गुणपत्रिका आणि विज्ञान प्रदर्शनाची प्रमाणपत्रं आत्ताच एका फाईलला लावून ठेवा.

डाळिंबवाला_सांगोला

ताई, अर्धा अँपिअर, दोघांचेही आभार. लगेच फोन लावला. कशावर जाणार तर ‘बलून’. एका किटमागं दहा मुलं. किट त्यांच्याकडंच राहणार, ‘कारण ते अवकाशात जाणार आहे’. सेन्सर कुठला विचारलं तर बाई म्हणाल्या, ते आमची टेक्निकल टीम बघते सर, तुम्ही आज बुकिंग केलं तर पाचशे कमी होतील.

पोरगी शेजारीच बसून ऐकत होती. तीच म्हणाली, नको.

आता ती रोज विचारतेय की आपणच कॅनसॅट करायचा का. काय काय आणू? आणि रॉकेट, फुगा आम्ही कुठून आणणार? शाळेत विज्ञानाच्या मॅडम चांगल्या आहेत, त्या तयार आहेत.

तारजोड

हे बेस्ट झालं. मॅडम तयार आहेत म्हणजे अजून दोन-तीन पोरं जमवा, एकटीनं करू देऊ नका. भांडायला कुणी असलं की काम पुढं जातं.

सामान सांगते. ईएसपी३२ बोर्ड (हाच डब्यातला छोटा संगणक), बीएमपी२८०, जीपीएससाठी निओ-६एम, रेडिओसाठी लोरा मॉड्यूल दोन (एक डब्यात, एक जमिनीवर) आणि जमिनीसाठी अजून एक ईएसपी३२. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलात तर हातात घेऊन बघता येईल, नाहीतर ऑनलाइन. सगळं मिळून अडीच-तीन हजारांत बसतं. दोन गोष्टी बघून घ्या. बीएमई२८० म्हणून विकतात आणि आत बीएमपी२८० निघतो, त्याला आर्द्रता मोजता येत नाही. पोरीला सांगा, प्रोग्रॅममधून चिपचा क्रमांक वाचता येतो: ०x५८ आला तर बीएमपी, ०x६० आला तर बीएमई. आणि लोरा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये चालणारं घ्या, आपल्याकडं तो पट्टा विनापरवाना मोकळा आहे. ९१५ च्या मॉड्यूलचे प्रोग्रॅम नेटवर ढिगानं आहेत पण ते अमेरिकेसाठी.

अँटेना लावल्याशिवाय लोराला करंट देऊ नका, मॉड्यूल जळतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी नको, रेडिओ बोलायला लागला की ती मान टाकते. १८६५० चा एक लिथियम सेल आणि चार्जर बोर्ड पुरतो.

डबा कोल्ड्रिंकचाच हवा असं काही नाही. ॲल्युमिनिअम रेडिओ अडवतं. तुमच्याकडं ठिबकचे, बोअरचे पीव्हीसी पाइप पडलेले असतील, अडीच इंची पाइपचा तुकडा कापा.

पॅराशूट छत्रीच्या कापडाचं. ३५० ग्रॅमच्या डब्याला सेकंदाला आठ मीटर वेगानं उतरवायचं तर गोल कापडाचा व्यास ३८ सेंमीच्या आसपास येतो. मधोमध छोटं भोक ठेवा, नाहीतर डबा झोके खातो. आईला नाहीतर गावातल्या शिंप्याला कडा दुमडून शिवायला सांगा, दोऱ्या कडेला नुसत्या गाठीनं बांधल्या की कापड फाटतं.

रॉकेट, फुगा दोन्ही लागत नाही. पहिल्यांदा जिना. मग शाळेच्या गच्चीवरून रिकामा डबा, मॅडम समोर असताना, खाली कुणी नाही बघून. आणि तुमच्याकडं वावडी (मोठा पतंग) उडवणारी जुनी माणसं असतील की! मोठ्या वावडीला बिनपॅराशूटचं हलकं किट, पन्नास-साठ ग्रॅमचं, सहज बांधता येतं. विजेच्या तारा नसलेलं माळरान बघा. वावडी पन्नास मीटरवर गेली तरी दाब साडेपाच हेक्टोपास्कलनं उतरलेला दिसेल, जिन्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. सेन्सरवर मात्र सरळ ऊन पडू देऊ नका. तापमान तर चुकतंच, पण त्याच्या भोकातून उजेड आत गेला की दाबाचे आकडेही नाचायला लागतात. सावली हवी पण हवा खेळती हवी, याचा डबा करणं हेच मोठं कोडं आहे. पोरांवर सोडा.

ब्रेमेनकर_आई

इथं जर्मनीत आमच्या मुलानं शाळेतून कॅनसॅट केला, म्हणून दोन ओळी. युरोपियन स्पेस एजन्सीच्या स्पर्धेचे नियम वाचा, भाग घ्यायचा नसला तरी उपयोगी पडतात. डबा ११५ मिमी उंच, ६६ मिमी व्यास, वजन ३०० ते ३५० ग्रॅम, एकूण खर्च ५०० युरोच्या आत. तापमान आणि दाब सेकंदाला किमान एकदा जमिनीवर पाठवायचे हे पहिलं काम सगळ्यांना सारखं. दुसरं काम मात्र टीमनं स्वतः ठरवायचं, आणि मुलांचं महिनाभर भांडण त्यावरच चालतं. आमच्याकडचे चौघं पाचवेळा विषय बदलून शेवटी परागकणांवर आले. तुमच्या लेकीला विचारा, तिला काय मोजायचंय?

बाय द वे, इथंही शिक्षिकेनं सगळ्यांना स्वतः सोल्डर करायला लावलं. तारजोड ताई खूश होतील.

डाळिंबवाला_सांगोला

विचारलं. दुसरं काम तिनं लगेच सांगितलं: बागेतली आर्द्रता. आमच्याकडं डाळिंबावर तेल्या रोगाचा त्रास आहे. पावसाळी हवा, गरमी आणि दमट एकत्र आलं की झाडावर डाग दिसायला लागतात. ती म्हणते झाडाच्या आत, मधल्या पट्ट्यात आणि वर वावडीवर, तिन्हीकडं आर्द्रता वेगळी असते का ते बघू.

मला वाटलं होतं चंद्राबिंद्राचं काहीतरी निघेल.

तारजोड

म्हणजे आता बीएमई२८०च घ्यावा लागणार, तेही तीन. फवारणी कधी लागते, कधी वाचते हे कळलं तर पैसे बागेतूनच वसूल. तोच डबा खांबाला बांधला की हवामान केंद्र झालं, मधल्या वेळात बसून राहणार नाही. फवारणीच्या दिवशी काढून ठेवायला सांगा, औषध सेन्सरच्या भोकात गेलं तर तो कायमचा बाद.

व्हीयू३_सोलापूर

उशिरा आलो. मी निवृत्त टेलिफोनवाला आणि हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाला. सांगोल्याहून सोलापूर काय लांब नाही.

सगळ्यांनी बनवायचं सांगितलं, ऐकायचं कुणी सांगितलं नाही. वर आधीच हजारो उपग्रह फिरतायत, ते ऐकायला कुणाला फी द्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून कधीकधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतात, ती साध्या वॉकीटॉकीला सुतारी स्टीलचा टेप कापून केलेली यागी अँटेना लावून पकडता येतात. पूर्वी नवख्याला मी अमेरिकेचे नोआ हवामान उपग्रह ऐकवायचो, ते २०२५ च्या ऑगस्टपर्यंत एकेक करून बंद केले. आता रशियाचे मेटिओर आहेत, १३७.९ वर. त्याला लॅपटॉप, एक छोटा एसडीआर डाँगल (लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर) आणि ५३ सेंमीच्या दोन सळ्या १२० अंशात उघडून ठेवल्या की ढगांचं चित्र येतं. अरबी समुद्रावरचा मान्सून पोरीला गच्चीवरून दिसेल. बागायतदाराच्या घरात याचं महत्त्व मी सांगायला नको.

हॅमचं लायसन्स बारा वर्षं पूर्ण झाली की काढता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, रेडिओचा थोडा सिद्धांत आणि नियम. नववीच्या विज्ञानाच्या पोरीला अवघड नाही. अभ्यास मी करून घेतो, गावात कुणी अजून असेल तर त्यांनाही आणा.

डाळिंबवाला_सांगोला

काका, नमस्कार सांगितलाय तिनं. रविवारी येतो, तुमचा पत्ता मला निरोपात पाठवा.

सामान मागवलंय. तिचा एक प्रश्न मी जसाच्या तसा टंकतोय, मला कळलेला नाही: ‘लोराच्या अँटेनाची तार ८६६ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची म्हणजे ८.६ सेंमी होते. ती बोर्डाच्या भोकापासून मोजायची की सोल्डरच्या गोळीच्या वरून? आणि वर प्लास्टिकचं आवरण ठेवलं तर चालतं का?’

तारजोड

सोल्डरच्या वरून, तार जिथून मोकळी उभी राहते तिथून. आवरण राहू दे. त्यानं लांबी थोडीशी कमी लागते, म्हणून सुरुवातीला नऊ सेंमी ठेवायची आणि दोन-दोन मिलिमीटर कापत जायचं. प्रत्येक वेळी जमिनीवरच्या बोर्डाला सिग्नल किती डेसिबलनं पोचतोय ते वहीत लिहायचं, दोन्ही बोर्डं जागचे न हलवता, माणसांनी लांब उभं राहून. आकडा चांगला येत येत पुन्हा पडायला लागला की मागच्या लांबीची नवी तार लावायची.